४ फुटी टाकीत मलावी सिक्लिड: नळाचं पाणी, दगड, माशांची संख्या

इंदिरानगरकर:
मलावी सिक्लिड (आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातले मासे) पाळायचेत. ४ × १.५ × १.५ फूट टाकी, १० एमएम काच, तिसरा मजला. दुकानातून मिळालेली यादी अशी: कोरलचे तुकडे, ड्रिफ्टवूड, हँगऑन (काठावर टांगायचा) फिल्टर, ‘मिक्स आफ्रिकन’ ३० नग. मासे टाकी भरल्यावर दुसऱ्या दिवशी सोडायचे म्हणे. पाणी मनपाचं, किटवर पीएच ७.६, केएच (पाण्याची क्षारता) ४, जीएच (पाण्याचा कठीणपणा) ६. ‘पीएच अप’ टाकलं की ८.२ दाखवतं, दोन दिवसांत पुन्हा खाली. यातलं काय ठेवू, काय काढू?

काळाकातळ:
यादीतलं जवळपास सगळंच काढा, भाऊ.

आधी वजन बघा. टाकीत काठोकाठ २५५ लिटर मावतात. दगड आणि वरची मोकळी जागा वजा केली तर खरं पाणी २०० लिटर धरा. काच ५० किलो, दगड ४०-५०, वाळू २५, शिवाय स्टँड. एकूण ४०० किलोच्या आसपास जातं, तेही जेमतेम अर्ध्या चौरस मीटरवर. घराच्या स्लॅबसाठी आयएस ८७५ मध्ये (इमारतींवरच्या भाराचं भारतीय मानक) धरलेला भार चौरस मीटरला २०० किलोच्या जवळपास असतो. तो सरासरी भार असल्यामुळे लगेच घाबरायचं कारण नाही, पण टाकी खोलीच्या मधोमध नको. बीमवरच्या भिंतीला लावून ठेवा. स्टँड लेव्हल बाटलीने तपासा आणि टाकीखाली १२ एमएम थर्माकोल घाला.

दगड वाळूच्या आधी. हे मासे रात्रंदिवस खणतात. वाळूवर रचलेला दगड खालून पोकळ होतो आणि एक दिवस तळाच्या काचेवर येतो. तळावर पातळ फोमशीट, त्यावर मोठे दगड, मग वाळू. आपल्याकडचा काळा बेसॉल्ट उत्तम. गोटे गुळगुळीत घ्या, भोकं-कपारी भरपूर ठेवा, ढीग पाण्याच्या दोन तृतीयांश उंचीपर्यंत न्या. (खाणीतले झिओलाइटचे स्फटिक घालायचा मोह होईल. नाशिकचे स्फटिक जगभर संग्राहक जपून ठेवतात, तेच बरं. त्यांच्या कडांनी पळते मासे सोलून निघतात.)

नदीची काळी वाळू आणण्याआधी त्यात चुंबक फिरवा. लोहकण चिकटले तर ती नको: ते पॉवरहेडच्या (पाणी फिरवणाऱ्या छोट्या पंपाच्या) आतल्या फिरत्या चाकावर जमतात आणि मॅग्नेट क्लीनरखाली (काच पुसायच्या चुंबकाखाली) सापडले की काचेवर रेघा उठतात. स्विमिंग पूलच्या फिल्टरची सिलिका वाळू २५ किलो आणा, साधारण एक इंच थर होतो. पाणी नितळ निघेपर्यंत धुवा, कंटाळा येईल तरी धुवा.

कोरलच्या तुकड्यांचं म्हणाल तर समुद्रातली पोवळी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत. मेलेली असली तरी विकत घेऊ नका.

केएचआधी:
पीएचच्या मागे धावू नका, केएच धरा. केएच ४ वर बाटलीतलं औषध टिकत नाही, कारण पाण्याला पीएच धरून ठेवायची ताकदच नसते. त्यात फिल्टरमधले जिवाणू माशांच्या घाणीतला अमोनिया पचवताना क्षारता खातात. म्हणजे मासे आल्यावर केएच आणखी उतरणार.

हिशोब असा: १०० लिटरला १ डिग्री केएच वाढवायला ३ ग्रॅम खायचा सोडा. तुमचे २०० लिटर ४ वरून १० वर न्यायला ३६ ग्रॅम. जीएचसाठी एप्सम सॉल्ट, १०० लिटरला १ डिग्रीला ४.४ ग्रॅम. ६ वरून १० ला ३५ ग्रॅम. टाकीत पाण्याची उलथापालथ नीट असली की पीएच आपोआप ८.२ च्या वर जाऊन थांबतो. धुण्याचा सोडा आणि बेकिंग पावडर हे वेगळे पदार्थ आहेत, चुकूनही नकोत. ड्रिफ्टवूड पाणी आम्लाकडे ओढतं, म्हणजे सोडा वर नेणार आणि लाकूड खाली ओढणार.

दर आठवड्याला ६० लिटर बदला. नवं पाणी ड्रममध्ये एअरस्टोन लावून रात्रभर ठेवा, त्यातच ११ ग्रॅम सोडा आणि १०-११ ग्रॅम एप्सम विरघळवा. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र ठरलेल्या मापावर विसंबू नका. गढूळ पाण्याला तुरटी जास्त लागते आणि तुरटीही क्षारता खाते. त्या दिवसांत ड्रमचा केएच दर वेळी मोजा.

‘दुसऱ्या दिवशी मासे’ हा सगळ्यात वाईट सल्ला. २६ अंश आणि पीएच ८.२ ला एकूण अमोनियापैकी सुमारे ९ टक्के विषारी रूपात असतो, पीएच ७ ला जेमतेम ०.६ टक्का. गप्पीच्या टाकीत जे खपून जातं ते इथे कल्ले जाळतं. आधी सायकल, म्हणजे अमोनिया पचवणारे जिवाणू फिल्टरमध्ये वाढवणं: २०० लिटरला १.२५ ग्रॅम अमोनियम क्लोराइड, म्हणजे २ पीपीएम (लिटरला २ मिलिग्रॅम) अमोनिया. तेवढा डोस दिल्यावर २४ तासांत अमोनिया आणि नायट्राइट (अमोनिया पचताना मधे बनणारं विष) दोन्ही शून्य होईपर्यंत थांबा. चार ते सहा आठवडे लागतात. चालू टाकीतला स्पंज मिळाला तर निम्म्यात उरकतं.

इंदिरानगरकर:
अमोनियम क्लोराइड म्हणजे नवसागर ना? कल्हईवाल्याकडचा चालेल? आणि ३० मासे जास्त होतात का?

केएचआधी:
हो, नवसागरच. पण कल्हईचा नको, त्यात काय मिसळलंय ते कळत नाही. प्रयोगशाळेच्या रसायनांच्या दुकानातून लॅब ग्रेड घ्या.

तीनमाद्या:
संख्येपेक्षा ‘मिक्स’ शब्द जास्त घातक. तीनच जाती, प्रत्येकी ७, एकूण २१: यलो लॅब, सोकोलोफी, रस्टी. दीड-दोन इंचाची पिल्लं एकदमच सोडा. आधी आलेला मासा दगड बळकावतो आणि नंतरच्याला जगू देत नाही. मोठी झाली की एका नराला तीन माद्या उरतील असे जादा नर काढा. यलो लॅबसोबत रेड झेब्रा नको, संकर होतो. ऑराटस ही भांडखोर जात, नकोच नको. पीकॉक सिक्लिडही एम्बुनांत (दगडांत राहणारे मलावी सिक्लिड, वरच्या तीन जाती त्यातल्याच) घालू नका, मार खात राहतात.

फिल्टर कॅनिस्टर (टाकीबाहेर ठेवायचा बंद डब्याचा), डब्यावर तासाला २००० लिटर लिहिलेला. मीडिया (जिवाणू राहतात ते आतलं भरण) भरल्यावर प्रवाह बराच कमी होतो. जोडीला एक पॉवरहेड.

खाणं स्पिरुलिनाचं, दिवसातून दोनदा, मिनिटभरात संपेल एवढंच. ब्लडवर्म आणि काळजाचे तुकडे बंद. हे दगडावरचं शेवाळ खरवडून खाणारे मासे आहेत. जड खाणं आणि सततचा मारझोडीचा ताण, दोन्ही मिळून ब्लोट होतो: खाणं सुटतं, पांढरी दोऱ्यासारखी विष्ठा, मग पोट फुगतं. पोट फुगल्यावर औषधाचा फारसा उपयोग होत नाही, विष्ठा पांढरी दिसली की त्याच दिवशी मासा वेगळा करा. मादी गळा फुगवून तीन आठवडे उपाशी राहिली तर मात्र तो आजार नाही, तोंडात अंडी आहेत.

काळाकातळ:
२१ वर थोडा मतभेद. दोन कॅनिस्टर असतील तर २८ पर्यंत चालतात, गर्दीत मार विभागला जातो. एकाच फिल्टरवर २१ ठीक.

हीटर ३०० वॅटचा एक घेण्यापेक्षा १५० चे दोन. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री ते लागतातच, आणि एक चालूच्या चालू अडकला तरी टाकी उकळत नाही. एप्रिल-मेमध्ये पृष्ठभागावर छोटा पंखा लावला की पाणी दोन-तीन अंशांनी उतरतं. पाणी मात्र भराभर उडतं. ती भर साध्या पाण्याने करायची, सोडा-एप्सम न घालता, कारण क्षार टाकीतच राहिलेले असतात. लाइट गेली तर बॅटरीवरचा एअरपंप लगेच लावा. चार-पाच तास बंद राहिलेला कॅनिस्टर तसाच सुरू करू नका, आतलं कुजकं पाणी आधी ओतून टाका आणि मीडिया टाकीच्याच पाण्यात खळबळून घ्या.