नाताळच्या आठवड्यात तुमच्या घरी काय शिजतं?

दिवाळीचा फराळ आणि गणपतीतले मोदक यांवर आपण सगळ्यांनी भरपूर लिहून झालंय. नाताळच्या आठवड्याबद्दल मात्र कोणी विचारत नाही. खरं तर पुण्यात कितीतरी घरांत माणसं जमतात ती याच दिवसांत. इंग्रजी शाळा बंद, परदेशातली मुलं आलेली, आयटीवाल्यांचे तिकडचे साहेब रजेवर. त्यात मंडईत मटार-गाजरांचे ढीग, ओला हरभरा, पुरंदरचे अंजीर. तेव्हा सांगा, घरात काय शिजलं आणि कोणी शिजवलं. दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. हॉटेलांची नावं नकोत, त्यांच्या दारातली गर्दी रस्त्यावरून दिसतेच.

सहकारनगर

बहीण न्यू जर्सीहून येते ती बहुतेक वेळा डिसेंबरअखेर. पहिले काही दिवस आमचं स्वयंपाकघर रात्रपाळीत चालतं. पहाटे तीनला दोन्ही भाचे टक्क जागे आणि कडकडून भुकेले. आईला हे पाठ झालंय, त्यामुळे रात्रीच भात जास्तीचा लावलेला असतो. तीनला फोडणीचा भात. बाबांनी आजवर गॅस पेटवला तो फक्त दूध तापवायला, पण त्या वेळी तेही ओट्याशी उभे राहून निमूट लसूण सोलतात.

बहिणीची फर्माईश विमानात बसायच्या आधीच आलेली असते. पहिलं नाव डाळिंब्यांच्या उसळीचं. आता थंडीत कडव्या वालांना मोड यायला किती वेळ लागतो, हे ज्याने केलंय त्यालाच माहीत. आई वाल फडक्यात बांधते, ती पुरचुंडी डब्यात, डबा शालीत आणि शाल फ्रीजच्या मागे, तिथे जरा ऊब असते म्हणून. मग मोड आलेले वाल कोमट पाण्यात घालून सगळे सोलायला बसतो. चिमटीत दाबला की डाळिंबी टुणकन सालातून सुटते. धाकट्या भाच्याने दोन मिनिटांत शोध लावला की नेम धरून ती मामाच्या चष्म्यावर मारता येते. उसळीला हिंग, आमसूल, गूळ, वरून ओलं खोबरं. मुलांनी सोलली भरपूर, खाल्ली मात्र बेताची. त्यांना पुन्हा फोडणीचा भातच हवा होता. वाईट वाटलं ते आईला नाही, बहिणीला.

गुरुवार पेठ

आम्ही मराठी ख्रिस्ती. नाताळ म्हटलं की लोक विचारतात, "केक कधी देताय?" अहो, आमच्याकडे करंज्या, चकल्या, शेव, शंकरपाळे, बेसनाचे लाडू, अनारसे, सगळं असतं. दिवाळी संपून तुमचे झारे माळ्यावर गेले की आमची कढई चढते. आई, काकू, मंडळीतल्या दोघी-तिघी, आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे. लाटायला एक, भरायला एक, तळायला कायम काकू, कारण दुसऱ्या कोणाची आच तिला पटत नाही.

केकही असतो, नाही असं नाही. लहानपणी आम्ही मैदा, साखर, अंडी, लोणी, रममध्ये मुरवलेले मनुके असं सगळं पिशवीत घालून बेकरीत न्यायचो. तिथेच फेटून भट्टीत लावून मिळायचं. प्रत्येकाच्या पत्र्याच्या डब्यावर नावाची चिठ्ठी. आजी तिथेच स्टूल मागून बसायची आणि आपली अंडी आपल्याच केकात पडतात ना, यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायची. पंचवीस तारखेला सकाळची उपासना झाली की मटणाचा रस्सा आणि भात, बाकी फार तामझाम नाही. दुपारी शेजारी ताटं जातात. १८९० साली आमच्या इथल्या पंचहौद मिशनमध्ये टिळक-रानडे चहा प्यायले म्हणून केवढा गहजब झाला होता, प्रायश्चित्तापर्यंत गेलं प्रकरण. आता शेजारच्या जोशीकाकू ताट रिकामं परत पाठवत नाहीत, तिळाची वडी ठेवतात आणि चकली कडक झाल्याचंही कळवतात.

सदाशिव पेठ

आमच्याकडे २०२४ ला मजा झाली. नाताळ बुधवारी, आणि लगेच मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार. नातीला केक हवा, सासूबाईंना घरात अंडं नको. शेवटी माळ्यावरून जुना गोल ॲल्युमिनियमचा ओव्हन काढला, झाकणाला काच असलेला. दही-सोडा घालून रव्याचा केक केला. काचेतून बघायला सगळी डोकी एकाच वेळी वाकली. मधोमध थोडा बसला, पण संपला. गुरुवारी पुरण घातलं.

गुरुवार पेठवाल्या ताई, करंज्या शेवटपर्यंत खुसखुशीत कशा राहतात ते सांगाल का? आमच्या तिसऱ्या दिवशी मऊ.

पिंपळे सौदागर

मी जळगावकडचा. या आठवड्यात क्लायंट गायब, लॅपटॉप उघडा ठेवायचा आणि स्वयंपाकघरात जायचं. बायकोचं रुग्णालय चोवीस तास चालू, त्यामुळे रोजचा स्वयंपाक माझ्याकडे. घरून भरताची वांगी येतात, हिरवी-पांढरी, लांबट. (भौगोलिक मानांकन मिळालेली आहेत, उगाच नाही.) गावी ती काट्याकुट्यांच्या जाळावर भाजतात. फ्लॅटमध्ये गॅस आणि जाळी, नाइलाज. सोसायटीत वास गेला की वरच्या मजल्यावरून फोन येतो, "काही जळतंय का?" हिरव्या मिरच्या, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात, सढळ हाताने तेल. टोमॅटो घालणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, त्यांना वाढत नाही एवढंच.

धायरी

माझी आई सिंहगड रोडला लोकांकडे स्वयंपाकाला जाते. वरचं सगळं तिला वाचून दाखवलं. म्हणाली, "या आठवड्यात सगळीकडे पाहुणे. पोळ्या दुप्पट, पगार तोच." एका घरचे न मागता वेगळे पैसे देतात, बाकीचे जुनी स्वेटरं देतात. परदेशातून आलेली मुलं तिच्या भाकरीचा व्हिडिओ काढतात, ती पदर सावरून थापत राहते. तिला एवढंच वाटतं की पाहुणे येणार ते आदल्या दिवशी सांगावं, कणीक भिजवून झाल्यावर नको.

यंदा पंचवीसला तिची सगळी घरं बाहेरगावी होती. संध्याकाळी भावाने पिठलं केलं. आई काही बोलणार नव्हती, पण बेसन पडताना पाहून तिला राहवेना. "अरे, हलव की!" गुठळ्या झाल्याच. ठेच्याबरोबर खाल्लं.

हडपसर

आमच्याकडे हुरडा, दुसरं काही नाही. दौंडजवळ चुलत्याचं शेत आहे. आगटीत गोवऱ्यांवर कणसं भाजायची, तळहातावर गरम गरम मळायची, लसणाची चटणी, दही. शहरात सोललेला किलोवर मिळतो तो तव्यावर परतून पाहिला. खाऊ नका.

गुरुवार पेठ

सदाशिव पेठेतल्या काकू, ओलं खोबरं घालत असाल तर मऊ पडणारच. आम्ही सुकं खोबरं मंद भाजून घेतो, खसखस आणि रवा वेगळे भाजतो. पारीच्या पिठाला मोहन कडकडीत हवं. आच शेवटपर्यंत बारीक, आणि पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरायच्या नाहीत. अनारशांचं मात्र मला विचारू नका. ते जाऊ करते, आणि लग्नाला इतकी वर्षं झाली तरी ती मला प्रमाण सांगत नाही.