पूर, दुष्काळ, भूकंप: मदत तुमच्या घरापर्यंत कशी आली? अनुभव लिहा

गोदाकाठ
अतिवृष्टीच्या अनुदानाची यादी लागली म्हणून शेजारच्या मावशींना घेऊन सेतू केंद्रावर गेले होते. आम्ही मराठवाड्याच्या उत्तर टोकाला, तालुक्याच्या गावात राहतो. सप्टेंबर 2025 मध्ये वरच्या धरणांतून पाणी सुटलं आणि मावशींचा कापूस उभाच्या उभा गेला. पण रान दुसऱ्याचं, मावशींनी बटईनं, म्हणजे पिकाच्या वाट्यावर केलेलं. सातबारा मालकाचा, फार्मर आयडी मालकाचा, पैसे मालकाच्या खात्यात, आणि मालक राहतो पुण्यात. मावशींच्या वाट्याला खताच्या दुकानाची उधारी. तिथल्या पोरानं बिचाऱ्यानं यादी वरून खाली पुन्हा पुन्हा बघितली. नाव नव्हतंच, सापडणार कुठून.

घरी आल्यावर मला 1993 आठवायला लागलं. माझं माहेर औसा तालुक्यातलं. आदल्या रात्री गणपती बुडवून गाव दमून झोपलेलं, आणि 30 सप्टेंबरला पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी जमीन हलली. पुढं 52 गावं नव्या जागी वसवली, तेव्हा घरंसुद्धा जमिनीच्या मापानं दिली. भूमिहीन आणि अल्पभूधारकाला 250 चौरस फूट, मधल्याला 400, सात हेक्टरच्या वर असेल त्याला 750. आमच्या सालगड्याच्या घरात खाणारी तोंडं आमच्यापेक्षा जास्त, त्यांना 250. माळवद, म्हणजे मातीचं छत, तर दोन्ही घरांवर सारखंच पडलं होतं.

मला कळकळीनं वाटतं की मदत रानाला मिळते, रान कसणाऱ्याला नाही, आणि हे आता तरी बदललं पाहिजे. कुठला पक्ष चांगला यावर भांडू नका. तुमच्या घरी काय झालं ते लिहा.

तेरणेकाठची
ताई, त्या 52 गावांतलंच आमचं एक. लोहारा तालुका. जुन्या घराच्या भिंती दगड-मातीच्या, दोन-दोन हात रुंद, वर माळवदाची माती. तीच अंगावर आली. नंतर कितीतरी दिवस आज्जी दगडी भिंतीला पाठ टेकत नव्हती, पत्र्याच्या शेडातच झोपायची. नवं गाव दिसायला छान, रस्ते रुंद, पण रान लांब पडलं आणि म्हशीला जागाच नाही. आज्जी म्हणायची, इथं बोलायचं म्हटलं तर वरडावं लागतंय. जुन्या गल्लीत ज्वारी निवडता निवडता चार घरांची बातमी कळायची. घरं आखणाऱ्यांनी एकदा बायांना विचारायला हवं होतं. बाकीचं नंतर लिहिते, कुकर लावलाय.

परांडेकर
सीना नदीचं पाणी रात्रीत आलं. माणसं हेलिकॉप्टरनं काढली, जनावरं दाव्यालाच राहिली. दुभत्या जनावराला 37,500. बाजारात बरी म्हैस त्याच्या दुपटीनंसुद्धा येईना. आन वाहून गेलेल्या जनावराचा पंचनामा कसा करायचा? आमच्याकडं नुसतं दावं हाय.

गोदाकाठ
वाचून पोटात तुटलं, दादा. किती जनावरं होती?

परांडेकर
दोन म्हशी, एक कालवड. कालवड घावली, बाभळीला अडकून जित्ती होती. पोरांनी तिचं नाव सीना ठेवलंय.

हिंगोलीची माय
सीना 😊 लई गोड. जपा तिला.
आमच्या घरात गाळासंगं वीतभर मासा आला होता चुलीपाशी. तलाठी आले तवा बारकं पोरगं म्हणालं, काका याचा बी पंचनामा करा. तेबी हसले. रात्री अकरापर्यंत गावात फिरत होते ते, स्वतःचं घर पाण्यात असताना. त्यांचं बी कुणीतरी लिवावं म्हणून लिवलं.

निवृत्त मास्तर, बीड जिल्हा
1972 साली मी पंधरा-सोळा वर्षांचा. आई आणि मी पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला. विहिरी कोरड्या, घरात मिलोची, म्हणजे परदेशी लाल ज्वारीची भाकरी, ती गिळायला पाणी लागे आणि पाणीच नसे. कामावर खायला सुकडी मिळायची. सुकडीचा वास अजून नाकात आहे. बारक्या बहिणीला ती इतकी आवडायची की दुष्काळ सरल्यावरही मागायची.

मुद्दा असा की त्या कामावर कुणी सातबारा मागितला नाही. ज्याच्या हातात जोर आणि पोटात भूक, त्याला काम. वि. स. पागे यांच्या रोजगार हमी योजनेचा हा गाभा होता. 1977 मध्ये महाराष्ट्रानं त्याचा कायदा केला, देशाला तो 2005 मध्ये सुचला. गोदाकाठ ताईंच्या मावशी 72 साली असत्या तर त्यांना मजुरी मिळाली असती. आजच्या यादीत त्यांना जागा नाही, याचं मला फार वाईट वाटतं. पूर ओसरल्यावर त्याच आठवड्यात गावात गाळ काढायची, बांध घालायची कामं रोजगार हमीतून निघाली पाहिजेत, आणि मजुरी पंधरा दिवसांच्या आत हातात पडली पाहिजे. भूमिहीनाला तीच खरी मदत.

जुनं लातूर
मास्तर, पाण्यावरून आठवलं. 2016 ला आमच्याकडं मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या गाडीत पाच लाख लिटर, दहा वाघिणी. स्टेशनवर बघायला गर्दी. टाक्यांपाशी जमावबंदी लावली होती, भांडणं व्हायलालती म्हणून. माझ्या मावसबहिणीचं लग्न त्याच मे मध्ये, पाहुण्यांना पत्रिकेसोबत निरोप, येताना एक कॅन घेऊन या. आणली लोकांनी! उदगीरच्या मामानं तर पिंप आणलं जीपमधून.

पाऊसपाणी
उदगीरला तरी पाणी कुठं होतं हो तेव्हा 😄

जुनं लातूर
मामाचा बोअर चालू होता, म्हणून तर मामाचा एवढा मान.

नोकरीनिमित्त पुण्यात
मी तसाच मालक आहे. गंगापूर तालुक्यात चार एकर, बटईनं दिलेली. मला राग आला नाही, पण दुसरी बाजू लिहितो. आमच्याकडं बटईचं लेखी कुणीच करत नाही, कारण वडिलांच्या पिढीनं कूळ कायदा बघितलाय. कागद केला की उद्या जमीन कुळाची होईल ही भीती डोक्यात बसलेली. म्हणून ई-पीक पाहणीत, म्हणजे पिकाच्या सरकारी नोंदीतही मालकाचंच नाव. सरकारनं आधी सांगावं की नुकसान भरपाईपुरता बटईचा करार कूळहक्क धरला जाणार नाही. मग मी उद्या सही करतो. यंदा आलेले पैसे मी बटईदाराला पूर्ण दिले, बी-खत त्याचंच होतं.

गोदाकाठ
दादा, मनापासून आभार. ही भीती मावशींच्या मालकालाही असणार. तुमच्यासारखं सगळ्यांनी केलं तर निम्मा प्रश्न सुटेल, पण कुणाच्या चांगुलपणावर का अवलंबून राहायचं? करारातली ती एक ओळ सरकारनं मान्य करावी, त्यासाठी आपण मागणी लावून धरू.

वाशीची लेक
(धाराशिव जिल्ह्यातली वाशी, मुंबईची नाही)
मदतीच्या पिशव्यांबद्दल बोलायचंय. पिशवीवर पुढाऱ्याचा फोटो, आणि ती घेताना आपलाही फोटो. माझ्या सासूबाईंनी पदर तोंडावर ओढला, तर एक कार्यकर्ता म्हणाला, आज्जी, वर बघा. कुठल्याही पक्षाचा असो, हे बंद व्हायला पाहिजे. आतलं पीठ-डाळ कामाला आलं, देणाऱ्याला दुवा. उघड्यावर पडलेल्या बाईचा फोटो काढू नका, एवढंच हात जोडून सांगणं आहे. आणि पिशवीत सॅनिटरी पॅड ठेवत जा. आमच्या गावात ते फक्त कॉलेजच्या पोरींनी आणले.

तेरणेकाठची
शंभर टक्के. 93 ला ट्रक भरून जुने कपडे आले होते, त्यात बायांच्या कामाचं काहीच नव्हतं.

सोयाबीन
सोयाबीनचा 2025-26 चा हमीभाव क्विंटलला 5,328 आहे. खरेदी केंद्रावर नोंदणी चालू झाली का कुणाकडं? भिजलेला माल घेतील का

परांडेकर
ओलावा 12 टक्क्याच्या वर नको म्हणतेत. आमचं तर काळं पडलंय, व्यापारी बी हात लावीना.

सोयाबीन
अवघड आहे. सरकारी मदतीचे कोरडवाहूला हेक्टरी 8,500 आणि रब्बीला 10,000 धरले तरी काढणीचा खर्च आणि पुढची पेरणी यातच संपतंय. विम्याचं तर 2025 च्या खरिपात पीक कापणी प्रयोगावर ठेवलंय, मंडळात सरासरी बरी निघाली की आपलं बुडलेलं रान कुणी मोजत नाही.

निवृत्त मास्तर, बीड जिल्हा
रान खरडून गेलेल्यांनी लक्ष द्या. 2025 च्या पुरासाठी हेक्टरी 47,000 रोख आणि रोजगार हमीतून 3 लाखांपर्यंतची कामं जाहीर झाली आहेत. ग्रामपंचायतीत लेखी अर्ज द्या, पोच घ्या. तोंडी सांगून येऊ नका.

हिंगोलीची माय
मास्तर, अर्जाचा नमुना टाका की इथं. आमच्या गावात कुणाला ठाव नाही.

निवृत्त मास्तर, बीड जिल्हा
रात्री लिहून टाकतो. नातू मोबाईल मागतोय.

परांडेकर
ज्वारीचं मालदांडीचं बी हाय का कुणाकडं? वापसा आलाय, आन घरातलं समदं बी भिजलं.

जुनं लातूर
आहे. दोन एकराचं देतो, पैसे नकोत. बार्शीपर्यंत मी आणतो, तिथून न्या. कडबाही पाहिजे का कालवडीला?