शार्लट चुगली करते, म्हणूनच हे पुस्तक मुलींच्या हाती द्यावं

खारावारा
शाळेच्या वाचनालयासाठी पुस्तकं निवडायचं काम दोन वर्षं माझ्याकडे आहे. यंदाच्या यादीत 'द ट्रू कन्फेशन्स ऑफ शार्लट डॉयल' घातलं, तर एका सहकाऱ्यांनी ते काढायला सांगितलं. का, तर नायिका आधी फार वाईट वागते.

अवी या अमेरिकन लेखकाची ही १९९० ची कादंबरी. (पुढे शेवटही आला आहे.) १८३२ साल. तेरा वर्षांची शार्लट लिव्हरपूलहून अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्सला निघते. 'सीहॉक' जहाजावर ती एकटीच मुलगी. कप्तान जॅगरी अदबीने बोलतो, चहाला बोलावतो, तिला तो आपल्या वडिलांसारखा वाटतो. खलाशी बंड करणार हे कळल्यावर ती सरळ जाऊन त्याला सांगते. एक माणूस गोळीने मरतो. आणि पहिल्या दिवसापासून तिला सांभाळून घेणाऱ्या झकरायाला, जहाजावरच्या काळ्या आचाऱ्याला, चाबकाने फोडून काढतात.

त्यानंतर ती खलाशांचे कपडे घालून डोलकाठीवर चढते. मुखपृष्ठावर शोभेल असा प्रसंग तोच, पण माझ्या मते तिचं बळ त्यात नाही. आपल्यामुळे माणूस मेला हे तिला कळतं आणि ती केबिनमध्ये लपून बसत नाही, ज्यांचा घात केला त्यांच्यातच कामाला उभी राहते. आपल्या मुलींना गोष्टीतसुद्धा चुकायची मुभा नसते. ती इथे आहे.

पुळण
साफ असहमत. चुकलं कोण आणि चाबूक कोणी खाल्ला? गोऱ्या मुलीला शहाणपण यावं म्हणून काळ्या माणसाची पाठ सोलली जाते. पुढे तोच मेल्याचं भासवून लपून राहतो आणि ऐनवेळी तिच्या मदतीला येतो. त्याची स्वतःची गोष्ट कुठे आहे?

शिवाय अख्ख्या जहाजावर दुसरी बाई नाही. आई आणि बहीण शेवटी घरात भेटतात, त्याही वडिलांच्या धाकातल्या. एका मुलीला वर उचलायला बाकी सगळ्या बायका खाली ठेवायच्या, याला मी स्त्रीपात्रांची ताकद म्हणणार नाही.

तांडेलाची_नात
माझा आक्षेप वेगळा आहे. समुद्रावरची बाई म्हटलं की हिने डोलकाठीवर चढून दाखवलंच पाहिजे, असं का? मेरी पॅटन आठवा. १८५६ साली 'नेपच्यून्स कार' हे मोठं शिडाचं जहाज न्यूयॉर्कहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालं. कप्तान नवरा वाटेत आजारी पडला, पहिला अधिकारी आधीच कैदेत होता. मेरी १९ वर्षांची, पोटुशी. तिला नौकानयनाचं गणित येत होतं, म्हणून दक्षिण अमेरिकेच्या टोकाशी असलेल्या केप हॉर्नच्या वादळी पाण्यातून जहाज तिने पोचवलं, नवऱ्याची शुश्रूषाही केली. पुरुषी वेष नाही, चाकू नाही.

माझे आजोबा मचव्यावर, म्हणजे शिडाच्या होडीवर, तांडेल होते, तिचे प्रमुख. तांडेल ताकदीने होत नाही, वारा आणि भरती-ओहोटी कळणारा होतो. शार्लट दोर ओढायला शिकते, पण मार्ग काढायला शिकते का? कप्तानपद तिला शेवटी नावापुरतंच मिळतं.

खारावारा
@तांडेलाची_नात, मेरी पॅटनबद्दल शंभर टक्के मान्य. पण ते गणित तिला कळलं कारण ती कप्तानाची बायको होती, समुद्रात जहाजाची जागा काढायचं यंत्र, सेक्स्टंट, तिच्या हाताशी होतं. शार्लटकडे अंगमेहनतीशिवाय दुसरी वाटच नाही. इतिहासातल्या कितीतरी जणींचं तेच झालं. हॅना स्नेल पुरुष म्हणून सैन्यात शिरली आणि १७४८ च्या पाँडिचेरीच्या वेढ्यापर्यंत पोचली. झान बारे १७६६ मध्ये सुरू झालेल्या बूगँव्हिल या फ्रेंच दर्यावर्दीच्या मोहिमेवर पुरुषवेषात गेली. पृथ्वीप्रदक्षिणा केलेली पहिली ज्ञात स्त्री ती. शार्लट मात्र मुलगी म्हणूनच, स्वतःच्या नावाने तिथे राहते. हे मला फार मोलाचं वाटतं.

@पुळण, झकरायाबद्दल तुमचं बरोबर आहे. मी ते पुरेसं पाहिलं नव्हतं.

ओहोटी
मग 'तारिणी'च का नको? सप्टेंबर २०१७ मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकारी गोव्याहून शिडाच्या बोटीतून निघाल्या, वर्तिका जोशी कप्तान. केप हॉर्नला वळसा घालून मे २०१८ मध्ये गोव्यातच परतल्या. बोटसुद्धा गोव्यात बांधलेली. सहा बायका, आणि मार्ग काढणाऱ्याही त्याच. परदेशातल्या १८३२ सालच्या काल्पनिक मुलीची गरजच काय?

खारावारा
'तारिणी'वरचं पुस्तक मुलांसाठी मिळालं तर आधी तेच घेईन. पण त्या सहाजणींना परत आल्यावर देशाने डोक्यावर घेतलं. शार्लट घरी पोचते तेव्हा वडील तिची रोजनिशी वाचतात, खोटी ठरवून जाळतात आणि तिला खोलीत कोंडतात. मग ती खिडकीतून निघते आणि जहाजावर परत जाते. मुंबईपुण्यात आजही मुलीचं खरं बोलणं घरातच खोटं ठरतं. त्या मुलीला हे पान वाचायला मिळावं, एवढ्यासाठी मी समितीशी भांडणार आहे.

पुळण
भांडा. मी तरीही म्हणेन, पुस्तक ठेवा, पण वर्गात वाचताना चाबकाच्या प्रसंगाशी थांबा आणि मुलांना विचारा, झकरायाने ही गोष्ट सांगितली असती तर कुठून सुरू केली असती.