उतारावर गुडघा दुखतो, तरी पाटाकाठची वाट चालेल का? (मेरान, दक्षिण तिरोल)

भटकी_लेक
एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आईला घेऊन उत्तर इटलीत मेरानला चार दिवस आहे. आई ६८ वर्षांची. सपाटीवर माझ्याही पुढे असते, पण उतार आला की उजवा गुडघा कुरकुरतो. तिथे शेतीच्या जुन्या पाटांच्या काठाने वाटा आहेत, त्यांना वालवेग म्हणतात असं वाचलं. मार्लिंगचा सगळ्यात लांब, १२ किलोमीटर. पूर्ण करावा का? आणि तेव्हा पाटाला पाणी असतं का?

वाटसरू
बिनधास्त करा. ट्योल ते लाना, रमतगमत चार तास. चढ नाहीच म्हणा ना. लानाहून मेरानला बस मिळते. सफरचंदाचा फुलोरा सापडला तर चैनच.

सावकाश_काकू
मी पूर्ण केलाय, म्हणूनच सांगते, आईंना पूर्ण करायला लावू नका.

वाट सपाट आहे ती पाण्यामुळे. ट्योलजवळ आदिजे नदीचं पाणी उचलून डोंगराच्या कडेने इतक्या बेताने नेलंय की ते धावतही नाही आणि साचतही नाही. १७३७ ते १७५६, तब्बल १९ वर्षं खपले लोक त्यासाठी. पण पाट राहतो वर आणि गावं राहतात खाली दरीत. त्यामुळे पाटावर वाचलेला सगळा उतार गावात जाताना एकदम वसूल होतो! मला मध्येच कॉफीची हुक्की आली म्हणून आम्ही मार्लिंगला उतरलो. द्राक्षमळ्यांतून जाणारा रस्ता असा तिरका, की आमचे हे शेवटी पाठमोरे चालत होते. लानाच्या टोकालाही उतरणं चुकत नाही.

तेव्हा ट्योलहून सुरू करा (मेरानहून फिन्श्गाउची छोटी रेल्वे जाते), आई म्हणतील तिथवर जा आणि त्याच वाटेने मागे फिरा. कंटाळा येत नाही. जाताना डाव्या हाताला मेरानची दरी असते, येताना टेक्सेलचे डोंगर समोर येतात. वाट काही जागी अरुंद आहे, ओल्या पानांवरून पाय सटकतो. बूट हवेतच.

पाणी हिवाळ्यात बंद असतं, एप्रिलमध्ये सहसा सोडलेलं असतं. पाटावर देखरेख करणारा तो वालर, आपला पाटकरीच. तिकडच्या पाटांत पूर्वी एक लाकडी चाक बसवायचे. पाण्याने चाक फिरलं की हातोडी घंटेवर आपटायची. घंटा वाजतेय तोवर वालर निवांत. आवाज थांबला की समजायचं, कुठेतरी पाला अडकलाय किंवा काठ फुटलाय, आणि निघायचं फावडं घेऊन. काही पाटांवर अशी घंटा अजून बघायला मिळते.

वाटसरू
काकूंचं बरोबर. माझे गुडघे तेव्हा तिशीतले होते, उतार लक्षातही राहिला नाही.

भटकी_लेक
ट्योलहून जाऊन परत ट्योललाच, ठरलं. आईला घंटेचं वाचून दाखवलं. म्हणाली, "तुझे आजोबा रात्रीच्या पाण्याच्या पाळीला जायचे, कंदील घेऊन दर तासाला पाट बघून यायचे. अशी घंटा असती तर बिचारे चार घटका झोपले असते."