बंजी जंपिंगला साहसी खेळ म्हणायचं का?

भटका_जीव: साहसी खेळांची ओळख करून देणारा कुठलाही लेख उघडा, बंजी, स्कायडायव्हिंग, राफ्टिंग, बेस जंपिंग (कड्यावरून किंवा इमारतीवरून पॅराशूटची छत्री घेऊन उडी), फ्री सोलो (एकट्याने, दोराशिवाय कडा चढणं) सगळं एकाच माळेत ओवलेलं. मला हे पटत नाही. बंजीत तुमचं वजन करून त्या हिशेबाने रबरी दोर निवडणार दुसरा, घोट्याचे पट्टे आवळून तपासणार दुसरा. आपण फक्त पडायचं! याउलट २०१७ मध्ये गिर्यारोहक अ‍ॅलेक्स होनल्ड अमेरिकेतल्या एल कॅपिटनचा सुमारे ३,००० फुटी कडा दोराशिवाय चढला, तो आधी त्याच वाटेवर दोर लावून अवघड पकडी घोटून घोटून. याला खेळ म्हणतात. बंजी म्हणजे आकाशपाळणा.

खडूस_काका: १९७९ साली इंग्लंडमध्ये ब्रिस्टलच्या क्लिफ्टन पुलावरून ज्यांनी पहिल्यांदा आधुनिक बंजी उड्या मारल्या त्यांना पोलिसांनी लगेच ताब्यात घेतलं होतं. तेव्हा ते साहस होतं ना? पुढे लोकांनी दोर सुधारले, तपासण्या आल्या, म्हणून आज खेळ बाद? अजब न्याय आहे.

भटका_जीव: सुरक्षिततेबद्दल बोलतच नाहीये मी. निर्णय कोणाचा, एवढंच विचारतोय. टँडम स्कायडायव्हिंगमध्ये तुम्ही प्रशिक्षकाला बांधलेलं सामान. तेच एकटे उडी मारता तेव्हा मुख्य छत्री गुंतली, तर ती सोडून राखीव उघडायची का, हे काही सेकंदांत तुम्हीच ठरवायचं. बेस जंपिंगला तर राखीव छत्री सहसा नसतेच, ती उघडायला उंची कुठे असते?

सावध_पाऊल: निर्णयाचं एवढं कौतुक नको. स्कायडायव्हर फेलिक्स बाउमगार्टनर २०१२ मध्ये सुमारे ३९ किमीवरून उडी मारून सुखरूप उतरला आणि २०२५ मध्ये इटलीत मोटरच्या पॅराग्लायडरच्या अपघातात जिवानिशी गेला. त्याच्याइतका अनुभव कोणाकडे होता? आणि कड्यावर अडकलेल्याला काढायला जे उतरतात, त्यांचा जीव कोणाच्या निर्णयावर टांगलेला असतो?

भटका_जीव: बचाव पथकाचा मुद्दा मान्य, त्यावर उत्तर नाही माझ्याकडे. पण धोका आहे म्हणून तो खेळ नाही, असं होत नाही.

खडूस_काका: बरं, राफ्टिंगचं सांगा. वल्ही आपण मारतो, पण "पुढे मारा, थांबा" ओरडतो गाइड. यादीत ठेवणार का?

भटका_जीव: बाद. एकट्याची कयाक (छोटी होडी) असेल तर चालेल.

खडूस_काका: मग कर्णधार सांगेल तिथे उभा राहणारा क्षेत्ररक्षकही खेळाडू नव्हे म्हणायचं!