एस्टीमच्या इंजिन बेमध्ये ॲल्युमिनियमची कव्हरं करायलोय, फिनिश कुठला द्यावा?

चिकोडी_एस्टीम
नमस्कार मंडळी, आमच्या बाबांची २००३ ची मारुती एस्टीम आहे, केए २३ पासिंग. गेल्या दिवाळीत इंजिनचं काम करून घेतलं आणि आता बॉनेट उघडलं की आतलं बघत राहावं असं करायचं मनात आहे. तीन कव्हरं पाहिजेत, एक रेडिएटरच्या वरच्या पट्टीवर, एक बॅटरीवर, एक फ्यूज बॉक्सवर.
पहिला प्रयत्न मे मध्ये केला. ०.८ मिमीचा जीआय पत्रा (झिंकचा थर दिलेला लोखंडी) आणून हातानंच वाकवला, कोपरे वेल्डिंग करून घेतले, खड्ड्यात लांबी (डेंटिंगवाल्यांची पुट्टी) भरून पॉलिश पेपर मारला आणि काळ्या पावडर कोटिंगला (ओव्हनमध्ये भाजून बसवतात तो पावडरचा रंग) दिला. परत आला तर जिथं जिथं लांबी होती तिथं फोड, एक कोपरा तडकलेला, आणि कोटिंगवाले म्हणायलेत लांबी आहे हे आधी सांगायचं होतं. ते एक झालं, वर गाडी रेसवर धरली की रेडिएटरवरचं कव्हर ढबढब वाजायचं. बाबा एका शब्दानं बोलले नाहीत, पण दोन दिवसांनी त्यांनीच ते काढून माळ्यावर ठेवलं, ते मला जास्त लागलं.
आता ॲल्युमिनियममध्ये नीट करायचं आहे. पत्रा किती जाड घेऊ, आणि काळं ॲनोडायझिंग, पावडर कोटिंग की नुसतं बफिंग? बेळगावला येऊन करून घ्यायची तयारी आहे, सांगा की.

उद्यमबाग_पत्रा
भावा, तुझा क्रम उलटा झालाय. फिनिश आधी ठरवायचा आणि मग पत्रा घ्यायला जायचं, कारण पत्र्याचा ग्रेड, वेल्डिंगची रॉड, लांबी चालेल की नाही, हे सगळं फिनिशवर अवलंबून असतं. पावडर कोटिंगचा ओव्हन १८० ते २०० डिग्रीवर चालतो आणि माल त्यात दहा-वीस मिनिटं राहतो, साधी डेंटिंगची लांबी तिथं टिकतच नाही. त्यात जीआय, त्याच्या झिंकच्या थरातनंही गरम झाल्यावर हवा सुटते आणि कोटिंगला बारीक बारीक फोड येतात. आणि जीआय वेल्डिंग करताना जो पांढरा धूर निघतो तो झिंकचा, तो छातीत गेला की रात्री थंडीताप भरतो, परत करू नकोस.
पत्रा १.५ मिमी घे, ५०५२ ग्रेडचा. दुकानात ६०६१ टी६ दाखवतील, तो कडक असतो म्हणून भारी वाटतो, पण बेंडिंगला घातला की वाकावर चीर पडते, मशीन पार्टसाठी तो चांगला, कव्हरला नको. ५०५२ पण रोलिंगच्या रेघांना आडवा वाकवायचा, रेघांच्या दिशेनं वाकवला तर तोही तडकतो. वाकायच्या जागी सुईनं रेघ ओढू नको, स्केच पेननं मार, सुईच्या ओरखड्यातनंच चीर सुरू होते.
ढबढब वाजतं ते मोठा सपाट भाग मोकळा राहिल्यामुळं. चारी कडा खाली १५ मिमी वाकवून घे आणि मधे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत अगदी हलका क्रॉस दाब दे, आमच्याकडं एसीच्या डक्टला देतात तसाच, पत्रा ताणून बसतो.
आणि पत्र्याला हात लावायच्या आधी पुठ्ठ्याचं कव्हर कर. पुठ्ठा बसव, त्यावर चार-पाच ठिकाणी शाडूचे गोळे पातळ प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेव, बॉनेट पूर्ण बंद करून उघड आणि गोळा किती दबला ते मोज. ८-१० मिमी तरी शिल्लक पाहिजेत. इंजिन माउंटिंगवर हलतं, म्हणून बॉडीला बसवलेलं कव्हर इंजिनच्या कुठल्याही भागापासून इंचभर लांबच ठेवायचं.

शहापूर_बफिंग
वरच्या दादांनी पत्र्याचं सांगितलं, मी फिनिशचं सांगतो, बारा वर्षं हेच काम करायलोय.
काळं ॲनोडायझिंग दिसायला सगळ्यात सुंदर पण ते काहीच झाकत नाही. ॲसिडच्या टाकीत पत्र्याचाच थर तयार होतो, त्यामुळं आधीचा प्रत्येक ओरखडा जसाच्या तसा दिसतो. कोपरे आर्गॉन वेल्डिंगनं जोडणार असशील तर वेल्डरला आधीच सांग, ५३५६ ची रॉड वापर म्हणून. नेहमीची ४०४३ असते तिच्यात सिलिकॉन असतं, ॲनोडायझिंग झाल्यावर वेल्डची पट्टी वेगळी काळपट उठून दिसते, मग रडून उपयोग नाही. लांबी तर अजिबात चालत नाही. आणि तिन्ही कव्हरं एकाच पत्र्यातली पाहिजेत, नाहीतर एकाच टाकीत घालूनही रंगात फरक पडतो.
नुसतं बफिंग करून आरशासारखं केलं तर पहिला महिना बघत राहशील, मग आपल्याकडचा जूनचा दमट वारा सुरू झाला की ते मंद होतं आणि परत परत मेण लावून पुसावं लागतं. ज्याला दर रविवारी पुसायची आवड आहे त्यानंच करावं.
माझं मत विचारशील तर ब्रश फिनिश, म्हणजे एकाच दिशेच्या बारीक रेघा, आणि वर क्लिअर म्हणजे पारदर्शक पावडर कोटिंग. २४० च्या पेपरनं सुरुवात, मग ३२०, मग ४००, प्रत्येक वेळी आधीच्या रेघांना आडवा घासायचा, आधीच्या रेघा पूर्ण गेल्या की पुढचा पेपर. शेवटी लाकडी पट्टी धरून स्कॉच ब्राइट (घासायचं पॅड) एकाच दिशेनं लांब ओढायचं, मधे थांबायचं नाही, थांबलं की तिथं डाग दिसतो. लोखंडावर वापरलेला पेपर किंवा डिस्क ह्याला लावू नको, लोखंडाचे कण रुततात आणि पुढं तांबेरा धरतात.

निपाणीकर
मी अजून लोखंडाच्याच बाजूचा आहे. १ मिमीचा सीआर पत्रा (साधा कोल्ड रोल्ड लोखंडी) गावातला कुठलाही फॅब्रिकेशनवाला वेल्डिंग करून देतो, ॲल्युमिनियमला आर्गॉनवाला शोधत फिरावं लागतं. ओव्हनची उष्णता सोसणारी मेटल पुट्टी पण मिळते, डब्यावर वाचून घ्यायची. वजन जास्त हे खरं, चौरस मीटरला लोखंड पावणेआठ किलो, १.५ चं ॲल्युमिनियम चार किलो, पण इथं कव्हर केवढंसं. एक मात्र लक्षात ठेव, ब्रेक ऑइल सांडलं की पेंट असो की पावडर, खाऊन टाकतं, लगेच पाण्यानं धुवायचं.

उद्यमबाग_पत्रा
निपाणीकर, घरच्या घरी करायचं असेल तर तुमचं बरोबर आहे, पण तो बेळगावला यायला तयार आहे.
बॅटरीच्या कव्हरचं राहिलं. पत्रा प्लसच्या टर्मिनलला चुकून लागला तर जागेवर शॉर्ट, म्हणून आतून पूर्ण रबर शीट चिकटव आणि टर्मिनलवर त्याची स्वतःची टोपी पाहिजेच. चार्जिंगच्या वेळी बॅटरीतनं हायड्रोजन निघतो, तो कोंडू नये म्हणून दोन्ही बाजूंना झरोके ठेव. फ्यूज बॉक्सचं कव्हर पान्याशिवाय निघालं पाहिजे, रात्री चोर्ला घाटात फ्यूज गेला तर बोल्ट खोलत बसणार काय? आणि सायलेन्सर मॅनिफोल्डवर कंपनीनं दिलेली जाळी-पत्रा आहे तशीच राहू दे, सुंदर दिसत नाही म्हणून काढू नकोस.
भोकं गोल करू नको, लांबट कर. अर्धा मीटर ॲल्युमिनियम ७० डिग्रीनं तापलं की पाऊण मिमीच्या वर वाढतं, गोल भोकात आवळलं तर फुगतं. बोल्टखाली रबर वायसर घाल, स्टेनलेसचा बोल्ट आणि ॲल्युमिनियम ओले राहिले की भोवती पांढरी पावडर धरते.

चिकोडी_एस्टीम
सगळ्यांचे मनापासून आभार. काल तिन्ही पुठ्ठे कापून बसवले. शाडू गणपतीतली शिल्लक होती. बॅटरीला १४ मिमी आणि फ्यूज बॉक्सला ११ मिमी आले, पण रेडिएटरवरचं डाव्या कोपऱ्यात ३ मिमीच. बॉनेटची आतली रिब तिथं खाली येते, पहिल्या वेळी हे मोजलंच नव्हतं, बहुतेक तिथंच लागून वाजत होतं. बाबांना पण दाखवलं, ते म्हणाले काळं नको, ब्रश फिनिश कर, पत्रा पत्र्यासारखा दिसू दे. आणि दुसऱ्या गोळ्याच्या वेळी बॉनेट त्यांनीच लावलं.
डावा कोपरा खाली घेऊ की तेवढा कापून टाकू? गुरुवारी पत्र्यासाठी येतोय.

उद्यमबाग_पत्रा
कापू नको, तिथनं एक उतरता वाक घे, कोपऱ्यात ७ मिमी खाली जाईल एवढाच. पुठ्ठ्यावर तसा वाकवून परत एकदा शाडू लावून बघ आणि मग तिन्ही पुठ्ठे घेऊन ये, मोजमाप कागदावर लिहून आणू नकोस. ब्रश फिनिश म्हणतोस तर कोपरे वेल्ड न करता पट्टी आत दुमडून रिव्हेट मारू, वेल्ड कितीही घासला तरी क्लिअरखाली दिसतो. आणि पत्र्यावरचं प्लास्टिक बेंडिंग होईपर्यंत काढायचं नाही, दुकानदाराला आधीच सांग.