७-३ म्हणजे एकतर्फी?
कुणीतरी म्हटलंय, २०२५ची जागतिक डार्ट्स (बोर्डावर बाण फेकायचा खेळ) फायनल ७-३ सेटनी सुटली, म्हणजे एकतर्फीच. आकडा तसा दिसतो खरा. पण जिंकलेल्या ल्यूक लिटलरने पहिले चार सेट सलग मारले, पुढचे सहा प्रतिस्पर्धी मायकेल व्हॅन गर्वेनबरोबर ३-३ सुटले. व्हॅन गर्वेनच्या हातून सामना सुरुवातीलाच निसटला होता. आदल्या वर्षीच्या फायनलमध्ये ल्यूक हम्फ्रीजकडून ४-७ हरलेला हाच पोरगा सतराव्या वर्षी जगज्जेता!

आणि ‘त्यात काय, नुसता नेम’ म्हणणाऱ्यांनी नेरुळला आमच्याकडे यावं. हॉलमध्ये बोर्ड टांगलाय, २.३७ मीटरवर उभं राहायची रेघ मारलीय. ५०१ गुणांवरून शून्याकडे खाली उतरणं जमतं हो, पण शेवटचा बाण डबलमध्येच (दुप्पट गुणांच्या अरुंद पट्टीत) बसावा लागतो, आणि तिथेच आमचा अख्खा रविवार जातो. भिंतीची भोकं बायको मोजतेय.